खाण तशी माती?

(वाशिंद येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मला कल्याणकडची लोकल गाठायची आहे, आणि कसारा मार्गावर एक गाडी चुकली की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा थेट विषयावर येतो. पोराची बुद्धी आईबापाकडून येते की घरादारातून, शाळेतून घडते?

यावर जुळ्यांची साक्ष काढायची कल्पना फ्रान्सिस गॉल्टनची. त्याने 1875 साली जुळ्यांच्या घरी पत्रं धाडून माहिती गोळा केली. पुढे पद्धत पक्की झाली. एकाच बीजाची फाळणी होऊन झालेली जुळी जनुकांनी जवळजवळ सारखी. दोन बीजांची जुळी मात्र इतर भावंडांसारखी, सरासरीने निम्मी सारखी. घर, आई, अंगणवाडी दोन्ही जोड्यांना आपापली एकच. मग एकबीज जोडीचे गुण जास्त जुळत असतील, तर तो जास्तीचा जुळेपणा जनुकांचा. बूशार्ड आणि मॅग्यू यांनी 1981 साली तोवरचे अभ्यास एकत्र मांडले. बुद्ध्यंकाचा सहसंबंध एकबीज जोड्यांत 0.86, द्विबीज जोड्यांत 0.60 निघाला. हिशेबाची रीत अशी की यातला फरक दुप्पट करायचा. उत्तर येतं 0.52, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकापैकी साधारण निम्मा जनुकांच्या खात्यावर.

शंका येते ती इथेच. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांना आपण एकसारखे कपडे शिवतो, एका बाकावर बसवतो, एकाच्या नावाने दुसऱ्याला रागावतो. मग वातावरण दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सारखंच, असं कसं म्हणायचं? म्हणून जन्मापासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधणं आलं. इंग्लंडात सिरिल बर्ट यांनी अशा 21 जोड्या 1955 साली मांडल्या, 1966 साली 53. जोड्या अडीचपट झाल्या, पण सहसंबंध दोन्ही वेळा 0.771! तिसऱ्या दशांशापर्यंत तोच. किराणा दुकानाच्या वहीत असं दिसलं तर आपण वही पुन्हा तपासू. विद्वानांनी तपासली ती लिऑन कामिन यांनी 1974 साली बोट ठेवल्यावर, तोवर बर्ट वारले होते. अशाच जुळ्यांचा मिनेसोटातला 1979 साली सुरू झालेला अभ्यास मात्र चोख होता. 1990 साली तिथल्या संशोधकांनी जनुकांचा वाटा सुमारे 70 टक्के सांगितला.

आपल्या इरावती कर्वे याच शास्त्राच्या माहेरघरी शिकल्या, हे फार कमी लोकांना माहीत असतं. बर्लिनच्या दाहलेम भागात 1927 साली मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. तिथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवली. कवटीच्या दोन बाजूंतली विषमता वंशाप्रमाणे बदलते, असा फिशर यांचा कयास. बाईंची मापं त्याला दुजोरा देईनात, आणि त्यांनी तसं लिहिलं. गुरूच्या मताविरुद्ध, परक्या देशात! त्याच संस्थेत फेर्शुअर नावाचे संशोधक जुळ्यांवर काम करत. 1942 साली ते संस्थेचे प्रमुख झाले, आणि त्यांचा शिष्य मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून त्या संस्थेकडे नमुने धाडू लागला. जुळ्यांच्या अभ्यासाचा हा इतिहास पाठ्यपुस्तकांतून एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही.

आता त्या टक्क्यांचा अर्थ. 70 टक्के म्हणजे एका पोराची बुद्धी रुपयात सत्तर पैसे आईबापाची, असं नव्हे. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांचा दृष्टान्त आपल्याकडच्या शेतात आणून सांगतो. एकाच पोत्यातलं भाताचं मिसळ बियाणं दोन खाचरांत लावलं. एका खाचरात सगळीकडे सारखाच राब नीट भाजलेला, पाणी बेताचं. तिथली रोपं उंचसखल झाली ती बियाण्यामुळे. दुसरं खाचर सगळीकडे सारखंच मुरमाड. तिथेही रोपारोपांतला फरक बियाण्याचाच. पण दोन खाचरांतल्या सरासरी उंचीचा फरक? तो अख्खा जमिनीचा.

जुळ्यांतही हेच दिसलं. एरिक टर्कहायमर यांनी 2003 साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे आकडे घरच्या परिस्थितीनुसार मांडले. सुस्थितीतल्या घरांत जनुकांचा वाटा मोठा. गरीब घरांत तो जवळजवळ शून्य, आणि सुमारे 60 टक्के फरक घराच्या परिस्थितीचा. युरोपात नंतर हा फरक असा आढळला नाही. तिथे गरिबाच्या पोरालाही शाळा-दवाखाना बरा मिळतो, हे त्याचं एक कारण असावं.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांकडे या नजरेने बघा. उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातलं पोर पावसाच्या तोंडावर परत येतं. तोवर शाळेचं वर्ष सरलेलं. आईच्या पोटात असल्यापासूनची आबाळ वेगळीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी जवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा 1993 पासून मागोवा घेत आले. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-12 फार कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी आकडे उलटे म्हणून दाखवण्यात आणि लक्ष लावून करायच्या एका चाचणीत मागे पडली. इतर चाचण्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

तुमच्यात शिक्षक बरेच आहेत. त्यांना एकच विनंती. जुळ्यांच्या संशोधनाचा हवाला देऊन उद्या कोणी आश्रमशाळेतल्या पोरांच्या उपजत बुद्धीबद्दल बोलू लागला, तर त्याला एवढंच विचारा: ती जुळी कुठली, आणि कसल्या घरांत वाढलेली?