धर्म आणि हिंसा : आपल्याच अंगणातून



धर्म शांती शिकवतो की हिंसा, हा प्रश्न आपण बहुधा दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवून विचारतो. आपल्या धर्मापाशी आलो म्हणजे उत्तर आधीच तयार असते. म्हणून आज आम्ही हा प्रश्न दूरदेशीच्या धर्मयुद्धांपासून सुरू न करता आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून विचारणार आहोत.

बाराव्या शतकात या गावाला सोन्नलिगे म्हणत. तेथे सिद्धरामांनी लोकांच्या पाण्याची सोय म्हणून तळे खोदविले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात या तळ्याची एक कथा आहे. काम जोरात चालले असता अल्लमप्रभू तेथे आले आणि दगडमातीत गुंतलेल्या सिद्धरामांच्या योगाविषयी काही टोचून बोलले. गुरूची निंदा कानी पडताच खोदकाम करणारी भक्तमंडळी खवळली आणि त्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला. स्वतः सिद्धरामही संतापून धावत आले व त्यांच्या कपाळीच्या नेत्रातून अग्नी निघाला. दगडांनी व अग्नीने अल्लमांना काही झाले नाही. सिद्धरामांचे मात्र डोळे उघडले. पुढे तेच अल्लमांबरोबर कल्याणला शरणांच्या मेळ्यात गेले.

कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवू. दगड फेकणारे लोक कोण होते? लुटारू नव्हते. तहानलेल्यांसाठी तळे खोदणारे, पुण्यकर्मात घाम गाळणारे लोक होते. दगड हाताशी होते ते तळे बांधण्यासाठीच. गुरूवरील प्रेम दुखावले आणि बांधण्याचा दगड मारण्याचा झाला. हिंसा धर्माच्या घरात शिरते ती द्वेषाच्या दारानेच असे नाही. पुष्कळदा ती दुखावलेल्या भक्तीच्या दाराने शिरते. आणि त्या दारावर पहारा नसतो, कारण ते दार आपल्याला पवित्र वाटत असते.

धर्मशास्त्रकारांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेमुळे जैन विद्येशी या शहराचे नाते जुने आहे. जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार केले : घरसंसारात घडणारी आरंभी, धंद्यात घडणारी उद्योगी, आक्रमणाला तोंड देताना घडणारी विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन सर्वस्वी टळत नाहीत. पण संकल्पी हिंसा त्याने सोडलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. कुराणाने अन्याय झालेल्यांना लढण्याची मुभा दिली, पण मर्यादा ओलांडण्यास मनाई केली. ख्रिस्ताने प्रतिकारच नको म्हटले. चार शतकांनंतर संत ऑगस्टीनला न्याय्य युद्धाच्या अटी मांडाव्या लागल्या. आणि गीता? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ग्रंथ एकच, पण एकाने त्यातून प्रतिकाराचा कर्मयोग काढला, दुसऱ्याने अहिंसेची साधना.

तात्पर्य, बहुतेक धर्मांनी हिंसेला एक अरुंद दिंडी ठेवली आहे. नाइलाज झाला, दुर्बलाचे रक्षण करायचे असले, तरच तीतून जावे, तेही वाकून. संकट हे, की जमाव येतो तेव्हा प्रत्येकालाच आपला नाइलाज झाला आहे असे वाटते. दिंडीचा दरवाजा होतो आणि दरवाज्याचा हमरस्ता. ग्रंथ त्या वेळी मध्ये येऊन उभा राहत नाही. उभे राहावे लागते ते माणसाला.

याचा अनुभव या शहराने घेतलेला आहे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात शिंदीची झाडे तोडण्यावरून धरपकड झाली, जमाव जमला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीसचौकी पेटविली. दोन पोलीस मारले गेले. न्यायालयही जळाले. सरकारी अंमल शहरातून उठला आणि पुढचे काही दिवस स्वयंसेवकांनी बंदोबस्त ठेवला. १२ मे रोजी लष्करी कायदा आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. सोलापूरने या चौघांना खुनी कधीच मानले नाही. धनशेट्टींनी तर त्या दिवशी जमावाला आवरण्याची खटपट केली, अशी आठवण शहरात सांगतात.

एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चौघांना आपण एकच शब्द लावतो : हुतात्मा. या शब्दाची फोड करून पाहा. ज्याने आत्म्याची आहुती दिली तो. दुसऱ्याची आहुती देणारा नव्हे. कुर्बान हुसेन यांना शहीद म्हणू. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. ख्रिस्ती लोक वापरतात त्या ‘मार्टिर’ या मूळच्या ग्रीक शब्दाचाही अर्थ साक्षीदारच. तीन परंपरांतून आलेल्या या शब्दांत मारणे कोठेच नाही. सोसणे आणि साक्ष देणे आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. चौघांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो, तो घातलाच पाहिजे. परंतु चौकीत मेलेल्या त्या दोन शिपायांचे काय? तेही कोणाचे तरी मुलगे होते. त्यांच्यासाठी दोन शब्द काढल्याने हुतात्म्यांचे तेज उणे होईल असे ज्यांना वाटते, त्यांनी ते तेज नीट पाहिलेले नाही. परकी सत्ता अन्यायी होती, हे खरे. म्हणून जमावाच्या हातचा प्रत्येक दगड न्यायी ठरत नाही.

हे विसरलो की काय होते, ते १९४८ साली महाराष्ट्राने पाहिले. ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला. खून करणारा गीता मानणारा होता. आणि त्या खुनाचा शोक करणाऱ्या जमावांनी, अहिंसेच्या पुजाऱ्याच्या नावाने, सांगली, कोल्हापूर, सातारा या भागांत निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली. पुन्हा तीच गोष्ट : दुखावलेली भक्ती आणि हाताशी आलेला दगड.

मग कसोटी कोणती? आम्हांस एकच साधी कसोटी सुचते. धर्माच्या नावाने हाक आली, की विचारावे : ही हाक माझा त्याग मागते, की दुसऱ्याचा जीव? पहिली असेल तर ती हुतात्म्यांच्या वाटेची. दुसरी असेल तर ती कोणत्याही ग्रंथाचे नाव घेवो, आपण जागचे हलू नये. शेजाऱ्याचा हात धरून त्यालाही थांबवावे.

हुतात्म्यांचा स्मृतिदिन येतो आणि पाठोपाठ संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. यंदा नंदीध्वज पाहायला तळ्याकाठी जाल, तेव्हा त्या काठाच्या दगडांकडेही एकदा पाहा. अल्लमांवर फेकलेल्या दगडांचे कोणाला काही उपयोगी पडले नाही. बांधात बसविलेल्या दगडांनी पाणी धरले.