गळतीची वर्दी



 या परिषदेचा अध्यक्ष या नात्याने आज ज्या विषयाची मांडणी करण्याचे मी योजिले आहे तो वरकरणी लहान आहे. घरातील पाण्याची गळती आणि तपमानाची घसरण यांची सूचना धन्याच्या भ्रमणध्वनीवर धाडणारी जी छोटी यंत्रे अलीकडे बाजारात ‘सेन्सर’, म्हणजे संवेदक, या नावाने सर्रास मिळतात आणि सामान्य गृहस्थाच्याही आवाक्यात येऊ लागली आहेत, त्यांचा आपल्या या वऱ्हाडी मुलखास उपयोग काय, आणि तो कोणत्या अटींवर, एवढाच माझा प्रश्न आहे.

अमरावतीचे पाणी मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते आणि अकोल्याचे काटेपूर्णेवरील महानच्या धरणातून. वडाळी आणि छत्री तलावांवर भागणारी इंग्रजी अमदानीतील अमरावती आता राहिली नाही. आज आपल्या गुंडात पडणारा प्रत्येक लिटर विजेच्या बळावर उपसलेला, तुरटी आणि क्लोरीन यांनी शुद्ध केलेला आणि कोसच्या कोस नळातून वाहून आणलेला असतो. असे पाणी ग्राहकाच्या दाराशी, किंबहुना त्याच्या भिंतीच्या आत पोचल्यावर वाया जावे, याचे मला जेवढे दुःख होते तेवढे धरण आटल्याचेही होत नाही. कारण धरण आटणे पावसाच्या हाती असते आणि गळती आपल्या.

गळतीचे नुकसान दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: भोक केवढे, आणि ते किती काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. दहा मीटर पाण्याचा दाब असलेल्या नळीस तीन मिलिमीटरांचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, भोक पडले तर त्यातून ताशी दोनशे लिटरांच्या वर पाणी निघून जाते. दाब अखंड राहिला तर अहोरात्रात पाच हजार लिटर. शहरात दरडोई १३५ लिटरांचे माप शासनाने मान्य केले आहे. त्या हिशेबाने एवढ्याशा भोकाने सदतीस माणसांचा दिवसाचा वाटा गिळला असे म्हणावे लागेल. खेड्यांसाठी २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने धरलेले ५५ लिटरांचे माप घेतले तर हीच संख्या नव्वदीच्या पुढे जाते. भोक कधी पडावे यावर आपला अंमल फारसा चालत नाही. परंतु त्याची वर्दी तासाभरात मिळावी की तीन महिन्यांनी, हे पूर्णपणे आपल्या बंदोबस्तावर अवलंबून आहे.

आणि आपल्या भूमीचा स्वभाव असा की ती गळती लपविते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते. या वार्षिक हालचालीत नळाचे सांधे ओढले जातात, वाकतात, आणि एखाद्या चैत्रात मुकाट्याने सुटतात. इतरत्र पुष्कळदा असे पाणी वर येऊन ओल दाखविते. आपल्याकडे ते भेगांतून खाली उतरते आणि रस्ता कोरडाच्या कोरडा राहतो. त्यातून अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा: तेथील विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही, म्हणून नळाच्या गोड्या पाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि जमिनीतील तेच क्षार लोखंडी नळाला बाहेरून खात असतात. जेथे पाण्याची निकड सर्वांत अधिक तेथेच नळाचे आयुष्य सर्वांत कमी, हे ज्याने त्या पट्ट्यात काम केले आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता यंत्रांकडे वळतो. गळती ओळखणारा सर्वांत साधा संवेदक म्हणजे जमिनीलगत ठेवावयाचे, धातूची दोन टोके असलेले एक चपटे खोके. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने ते वीज वाहून नेते. दोन्ही टोकांमध्ये पाणी साचले की मंडल पुरे होते आणि यंत्र हाक देते. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, कपडे धुण्याच्या यंत्रामागे किंवा तळमजल्यावरील पंपापाशी त्याची जागा योग्य. परंतु खारपाणपट्ट्यातील कारागिराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: येथे वाळलेल्या पाण्याचा पांढरा थर टोकांवर बसतो, तो दमट हवेत ओलावा धरतो, आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात यंत्र विनाकारण ओरडू लागते. दोनचार वेळा खोटी वर्दी आली की गृहस्थ ते काढून फडताळात टाकतो. म्हणून टोके महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसण्याची ताकीद यंत्र बसवितानाच दिली पाहिजे, आणि ती देणे हे मी कारागिराचे कर्तव्य समजतो.

दुसरा प्रकार प्रवाह मोजणाऱ्या संवेदकांचा, आणि येथे आपल्याला स्वतंत्र बुद्धीने विचार करावा लागेल. ही यंत्रे ज्या देशांत घडली तेथे रस्त्यावरील नळात अष्टौप्रहर दाब असतो. म्हणून रात्री दोन ते चारच्या सुमारास, सारे घर निजलेले असता, मीटरमधून मंद प्रवाह चालूच राहिला तर गळती आहे असे यंत्र अनुमान करते. आपल्याकडे नळ दिवसाआड येतात, अकोल्याने तर त्याहूनही लांबचे अंतर सोसले आहे; मग रात्रीच्या प्रवाहाची कसोटी लावावयाची कोठे? कित्येक जाणते अभियंतेही एवढ्यावरून ही विद्या आपल्या कामाची नाही असा निकाल देऊन मोकळे होतात. मला तो निकाल मान्य नाही. रस्त्यावर पुरवठा खंडित असला तरी गच्चीवरील टाकीपासून खाली घरात तो अखंडच असतो. तेव्हा संवेदक मीटरपाशी न बसविता टाकीच्या उताराच्या नळीवर बसवावा, अथवा टाकीच्या झाकणाला पातळी मोजणारे यंत्र लावावे. रात्री एक ते चारच्या दरम्यान पातळी उतरली तर शौचालयाच्या टाकीपासून भिंतीतील सांध्यापर्यंत कोठेतरी पाणी जाते आहे हे निर्विवाद ठरते.

मात्र ध्वनिलहरी सोडून पातळी मोजणाऱ्या यंत्रास वऱ्हाडचा उन्हाळा अडचणीचा आहे. हवेतील ध्वनीचा वेग तपमानाबरोबर वाढतो. पौषातल्या पहाटेच्या दहा अंशांत तो सेकंदास सुमारे ३३७ मीटर असेल, तर अकोल्याच्या ४७ अंशांत ३६० च्या घरात जातो, म्हणजे सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक. एवढ्या फरकाने पातळीचा हिशेब चुकतो आणि दुपार कलल्यावर पाणी उतरल्याचा भास होतो. ज्या यंत्रात तपमापक असून त्याप्रमाणे दुरुस्ती केली जाते तेच येथे घ्यावे. थंडीच्या देशांत गोठण्याची सूचना देण्यासाठी बसविलेला तपमापक आपल्याकडे उन्हाची रुजवात घालण्यासाठी हवा आहे.

तरीही आपल्या मुलखातील घरगुती नासाडी केवळ सांध्यातून होत नाही, ती उघड्या राहिलेल्या तोटीतूनही होते. नळ आले का, हे पाहण्यासाठी कोरडी तोटी उघडावी, पाणी नाही म्हणून तशीच सोडून द्यावी, आणि कुलूप घालून शेगावला किंवा लेकाकडे पुण्याला निघून जावे. पाळीच्या दिवशी पाणी येते, हौद भरतो, अंगण भरते, नाली वाहू लागते, आणि शेजाऱ्याला फाटकावरून हाका मारण्यापलीकडे काही करता येत नाही. ज्यांची मुले पुण्यास, बंगळुरास अथवा परदेशी आहेत अशा वृद्ध दांपत्यांची घरे अमरावतीच्या जुन्या वसाहतींतून गल्लोगल्ली आढळतात. अशा घरी वर्दी देणारा संवेदक आणि तिच्याबरोबर आपोआप मिटणारी झडप ही जोडी मी चैनीची वस्तू मानीत नाही. विजेचा भरवसा नसल्याने झडपेला स्वतःची बॅटरी हवी, आणि ती हाताने फिरविता येईल अशीही हवी.

गळतीची आणखी एक बाजू आहे, आणि ती पाण्याच्या नासाडीहून भयंकर आहे. पुरवठा बंद झाला की नळ रिता होतो. त्यात कोणी टिल्लू पंप लावून उरलेसुरले पाणी ओढू लागला की नळात पोकळी उत्पन्न होते, आणि ज्या भोकातून काल शुद्ध पाणी बाहेर जात होते त्यातूनच आज शेजारच्या नालीचे पाणी आत येते. कावीळ आणि हगवण यांची साथ एखाद्या मोहल्ल्यात उद्भवते तिचे मूळ पुष्कळदा अशा भोकात असते. म्हणून गळतीची वर्दी ही आरोग्यखात्याचीही बाब आहे.

गोठण्याविषयी चार शब्द बोलणे अवश्य आहे. चिखलदऱ्याच्या कडाक्याच्या पहाटा वगळल्या तर आपल्या घरातील नळ गोठण्याचे भय आपल्याला नाही. परंतु आपली मुले जेथे नांदतात तेथे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास प्रांतावर हिमवादळ आले, वीज गेली, आणि ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस येथील असंख्य घरांचे नळ फुटले. त्या शहरांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते हे आपण शाळेत शिकतो. परंतु नळ बहुधा बर्फ जमल्या जागी फुटत नाही. बर्फाची गुडदी आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि तो नळीला जेथे कमजोर जागा सापडेल तेथे फोडतो. आणि फुटल्याचे कळते ते बर्फ वितळून छतातून पाणी कोसळू लागल्यावर. यासाठीच तेथील संवेदक शून्य अंशाची वाट पाहत नाहीत, पाच-सात अंशांवरच हाक देतात, कारण बाहेरच्या भिंतीतील नळी खोलीहून कितीतरी थंड असते. अमरावतीतील आईबापांनी लेकाला फोन करून तोटी किंचित ठिबकत ठेवण्यास सांगावे, हा सल्ला तेथे योग्यच आहे.

आणि गोठण्याचा एक संवेदक आपल्या वऱ्हाडातही काम करीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींची शीतपेटी दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे. धनुर्वाताची, कावीळ-ब ची आणि पंचगुणी लस गोठली तर तिची शक्ती जाते, आणि वरून पाहता कुपी तशीच दिसते. ‘ई-विन’ या राष्ट्रीय व्यवस्थेत अशा पेट्यांत तपमापक बसवून त्याचा आकडा भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून वरिष्ठांच्या दफ्तरी पोचविण्याची तजवीज केलेली आहे. या व्यवस्थेचे मर्म केवळ यंत्रात नाही. सूचना आली की कोणी उठावे, कोणी पेटी तपासावी, कोणी नोंद करावी, हे ठरलेले आहे, यात तिचे मर्म आहे.

याच ठिकाणी घरगुती आणि नगरातील पाणीव्यवस्था तोकडी पडते. माझ्या उमेदवारीच्या काळात एक वृद्ध फिटर माझ्या हाताखाली होते, वस्तुतः मीच त्यांच्या हाताखाली होतो. रस्त्यावरची रहदारी थांबली की ते लोखंडी सळईचे एक टोक झडपेच्या दांड्यावर टेकवीत, दुसरे कानामागच्या हाडाला लावीत, डोळे मिटीत, आणि पाय हलवू नका असे मला मोकळ्या हाताने खुणावीत. झडपेमागून झडप ऐकत जात ते एका जागी थांबत आणि खडूने रस्त्यावर फुली मारीत. सकाळी खोदले की सांधा तेथून हातभर अंतरावर सापडे. आज त्याच तत्त्वावर नळाच्या दोन ठिकाणी यंत्रे लावून, गळतीचा आवाज दोहोंकडे पोचण्यातील क्षणाच्या अंतरावरून जागा काढतात, आणि लोखंडी नळात ती पद्धत उत्तम चालते. प्लास्टिकच्या नळात आवाज लवकर विरतो. परंतु त्या फिटरचे मोठेपण कानात होते त्याहून अधिक यात होते की ऐकणारा आणि सकाळी कुदळ घेऊन येणारा माणूस एकच होता. यंत्राची वर्दी एकाला जाते, कुदळ दुसऱ्याकडे असते, मंजुरी तिसऱ्याच्या टेबलावर असते. या तिघांत चार दिवस गेले तर पाच हजारांचे वीस हजार लिटर होतात.

केंद्र शासनाने २००८ साली ठरविलेल्या सेवा-मानकांत हिशेबाबाहेर जाणारे पाणी वीस टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. कराडजवळच्या मलकापुराने अहोरात्र पुरवठा आणि मीटरवरची आकारणी यांची सांगड घालून लहान गावालाही हे साधते असे दाखवून दिले. आपण त्या मार्गाने जाणार असू तर संवेदकांचा पहिला पैसा बंगल्यांच्या स्वयंपाकघरात खर्च होऊ नये. तो वस्तीच्या सार्वजनिक नळावर, शाळेच्या टाकीवर, शासकीय दवाखान्याच्या गच्चीवर आणि खारपाणपट्ट्यातील गावाच्या जलकुंभावर खर्च व्हावा, कारण तेथे ओसंडणाऱ्या पाण्याला धनी नसतो. तालुक्याच्या ठिकाणी नळकारागिरांच्या शिक्षणवर्गात या यंत्रांची जोडणी आणि देखभाल यांचा समावेश व्हावा, ही माझी दुसरी सूचना. आज हे काम वीजवाला प्लंबरावर ढकलतो आणि प्लंबर वीजवाल्यावर.

या दोन सूचनांचा मसुदा मी विषयनियामक समितीकडे दिला आहे. तिसरे कलम त्यात असे आहे की, ज्या संस्थेने अथवा नगरपालिकेने गळतीची वर्दी देणारी यंत्रे बसविली असतील तिने वर्दी आल्याची वेळ आणि गळती बंद केल्याची वेळ या दोन्ही एकाच वहीत, एकाच ओळीत नोंदवाव्यात आणि ती वही मागेल त्या नागरिकास दाखवावी. या कलमावर मतभेद होणार हे मी जाणतो. दुपारच्या सत्रात ते प्रथम चर्चेस घ्यावे आणि ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो मोकळेपणाने मांडावा, अशी माझी विनंती आहे.