नखी

गेल्या पावसाळ्यात माझं एक एटीएम कार्ड घरातच हरवलं. मुदत संपलेलं होतं, म्हणून मी काही शोधाशोध केली नाही. चार दिवसांनी ते सापडलं, पण तीन तुकड्यांत. माझ्या धाकट्याने कात्रीने त्याचे बदामाच्या आकाराचे तुकडे कापले होते आणि त्यातला एक चिमटीत धरून तो गिटार वाजवत बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "अब्बा, माझा पिक हरवलाय. तोवर यावर काम चालतं."

काम चालत नव्हतं, हे शेजाऱ्यांनाही कळत होतं. पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज येत होता. तेवढ्यात फटकन सगळ्यात बारीक तार तुटली. महिन्यातली ती तिसरी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, वाजवतोस की मारतोस?"

आणि मी गप्प झालो, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या अब्बांचं होतं.

माझं लहानपण साताऱ्यात गेलं. आमचं शिलाईचं दुकान होतं. अब्बांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात दिवसभर अंगुस्तान असे. रात्री दुकान बंद झालं, जेवणं झाली, की ते अंगुस्तान काढून ठेवायचे आणि शेजारच्या बोटात, तर्जनीत, नखी चढवायचे. नखी म्हणजे सतार वाजवायची तारेची वळी. हिंदीत तिला मिझराब म्हणतात. साताऱ्याच्या माणसाने सतार वाजवावी यावर गल्लीत विनोद व्हायचे. नावांचा तसा काही संबंध नाही. गावाचं नाव लोक सात टेकड्यांशी जोडतात, तर सतारीचं मूळ फारसीत 'सेहतार', म्हणजे तीन तारांचं वाद्य. अब्बा मात्र विनोद करणाऱ्याला म्हणायचे, "सात असोत की तीन, आधी एक तर नीट वाजू दे."

मी चौदा वर्षांचा असताना त्यांनी मला नखी घालून दिली. नखी सुरुवातीला बोटाला चावते, हे ज्यांनी घातली त्यांनाच माहीत. बोटाचं टोक निळं पडतं, दोन्ही बाजूंना वळ उठतात. त्या रागात मी तारेवर जोर काढायला लागलो. मग ते वाक्य आलं. मी नखी ओढून काढली आणि खिडकीतून गटारात भिरकावली. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी मला दुसरी नखी आणून दिली नाही, एवढंच. पुढे मी बी.ए. झालो, नोकरीसाठी सांगलीला आलो, कविता लिहू लागलो. अब्बांच्या माघारी त्यांची सतार गवसणीसकट माझ्याकडे आली आणि कपाटामागे उभी राहिली.

तर त्या रविवारी मी धाकट्याला घेऊन मिरजेला गेलो. सांगलीहून मिरज ती किती लांब! पण मी त्या सतारमेकरांच्या दुकानांकडे कित्येक वर्षांत फिरकलो नव्हतो. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, मिरजेत ही वाद्यं घडवायला लागली ती शिकलगार मंडळी. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही घराणी. इंग्रजी अमल पक्का झाल्यावर हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं आणि त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम मिरजेत होता, त्यांना स्वतःला वाद्य दुरुस्त करायची हौस आणि जाण, त्यामुळे इथल्या तंबोऱ्याचा कान आणखी तयार झाला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. मात्र नखीचा मान कुणाला? एवढीशी पोलादी तार, काउंटरवर डबीत पडलेली असते.

दुकानात एक वयस्क कारागीर जवारी लावत बसले होते. मी म्हटलं, "चाचा, पोराला गिटारचा चांगला पिक द्या." त्यांनी डबा काढला नाही. म्हणाले, "आधी धरतो कसा ते दाखवू दे."

पोराने तो कार्डाचा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून दाखवला. अंगठ्याचं नख दाबाने पांढरंफटक झालेलं. चाचा म्हणाले, "तार इथे तुटते. तिचा दोष नाही."

मग पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं, ते घरात गिटार असणाऱ्या प्रत्येक आईबापाने ऐकावं असं आहे. पिक तर्जनीच्या कडेवर ठेवायचा, बोट किंचित वाकवायचं आणि वरून अंगठा टेकवायचा. पक्कड अशी, की कुणी ओढला तर निघून यावा, पण आपोआप पडू नये. टोक जेमतेम तीन-चार मिलिमीटर बाहेर. जास्त बाहेर काढलं तर ते तारेत अडकतं, मग हात झटका देतो. टोक तारेला अगदी सपाट भिडवायचं नाही, जरासं तिरपं ठेवायचं, म्हणजे ते घसरून सुटतं. हालचाल मनगटातून आणि थोडकीच. तार सोडून वीतभर वर गेलेला हात परत यायला वेळ लावतो आणि लय तिथेच जाते. आणि खाली-वर, खाली-वर, आलटून पालटून. मात्रेवर खाली, मधल्या जागेवर वर. मिनिटाला साठ ठोके लावून एकाच तारेवर हे करायचं. हात सैल राहतोय असं वाटलं, तरच ठोके वाढवायचे.

जाडीचं नंतर. पातळ पिक, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, लवतो. सहाही तारांवरून हात फिरवत गाण्याला साथ करायची तर तो बरा. मिलिमीटरभर किंवा त्याहून जाड पिक लवत नाही. एकेक सूर स्वच्छ काढायचा तर तो हवा, पण सैल हात नसलेल्याच्या हाती तो हातोडा होतो. शिकणाऱ्याने मधला घ्यावा, पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा. एटीएम कार्डही तेवढंच जाड असतं, पण कात्रीने कापलेली त्याची कड धारदार राहते आणि तारेला खरवडते. पिकची कड गुळगुळीत हवी, झिजून टोकदार किंवा खडबडीत झाली की बदलावा. पूर्वी चांगले पिक कासवाच्या कवचाचे असत. मग सेल्युलॉईड आलं, नायलॉन आलं. 1970च्या दशकात आंतरराष्ट्रीय कराराने त्या कासवाच्या व्यापारावर बंधनं आली, हे बरंच झालं. सरोदवाल्यांचा 'जवा' मात्र नारळाच्या करवंटीचा असतो, आणि आपल्या शाहिराच्या तुणतुण्याला बोट किंवा एखादी काडीही पुरते. तंबोऱ्याला तर काहीच लागत नाही. तिथे बोटाचं मांसच तार छेडतं, म्हणून तो आवाज इतका मऊ.

धाकट्याने तीन पिक निवडले, तीन जाडींचे. तिन्ही मिळून एका तारेच्या सेटपेक्षा स्वस्त. मी निघायला वळलो आणि मग खिशातून कापडाची एक पुरचुंडी काढली. सकाळी गवसणीचा खिसा चाचपताना ती सापडली होती. कोटाच्या अस्तराचा तुकडा, आत अब्बांची नखी.

चाचांनी ती माझ्या तर्जनीत घालून पाहिली. पेरावर अडकली. अब्बांची बोटं बारीक होती, सुईची. चाचा म्हणाले, "चिमट्याने मोठी करून देऊ? जुनी तार आहे, मोडूही शकते." मी नको म्हटलं. त्यांनी डबीतून दुसरी काढली, एकेक करून पाच-सहा घालून बघितल्या. नखी फिरता कामा नये आणि रक्तही अडता कामा नये. थोडी घट्टच घ्यायची. टोक बोटाच्या शेंड्यापुढे इतकंच, की तारेला तेच लागावं, बोट नव्हे. दोन घेतल्या. दुसरी कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

आता रोज रात्री अर्धा तास बसतो. सतारीत आत येणारा आघात 'दा', बाहेर जाणारा 'रा'. अब्बा मसीतखानी गत वाजवत, तिचे बोल मला अजून पाठ आहेत : दिर दा दिर दा रा दा दा रा. पाठ असणं आणि बोटात असणं यांत चाळीस वर्षांचं अंतर आहे. 'दा' ठीक येतो. तो आपल्याकडे ओढायचा असतो, ते कवीला जमतं. 'रा' पोकळ वाजतो, आणि तो भरून काढायला मी पुन्हा दाबतो. 'दिर'मध्ये दोघांना एका मात्रेत बसवायचं, तिथे तर बोट आखडून बसतं.

परवा असाच चाललो होतो. आतल्या खोलीत धाकट्याचे साठ ठोके पडत होते, खाली-वर, खाली-वर. अलीकडे त्याची तार तुटलेली नाही. ठोके थांबले आणि तिथूनच तो म्हणाला, "अब्बा, जोर कमी."

मी नखी काढली. बोटावर दोन लाल वळ होते. जरा चोळले आणि परत घातली.