माप आपल्या तोंडी एक, कागदावर दुसरे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचा हिशोब आपण नेहमीच करतो. आज मापाचा हिशोब करू. आपण विहीर हातात मोजतो, बांध फुटात मोजतो, जमीन एकर-गुंठ्यात सांगतो. सातबारा मात्र हेक्टर-आर बोलतो, बियाण्याची पुस्तिका सेंटीमीटर बोलते आणि पाइप मीटरमध्ये येतो. आपल्या बोलण्यात आणि कागदात जो फरक राहतो, तो बहुतेक वेळा आपल्याच पदरचा जातो.

आधी हात घेऊ. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. हात म्हणजे 18 इंच, दीड फूट. दोन हात म्हणजे गज, 3 फूट. पण हात कोणाचा? तीस हात विहिरीचा सौदा ठरला आणि खोदणाऱ्याचा हात 17 इंचांचा निघाला, तर 30 इंच, म्हणजे अडीच फूट खोदाई कमी झाली. पैसे मात्र तीस हातांचेच जातात. म्हणून सौदा फुटात करावा आणि टेप लावून मोजावे.

आता फूट आणि मीटर. 1 फूट म्हणजे 30.48 सेंटीमीटर. तोंडी हिशोबाला 10 फूट म्हणजे 3 मीटर आणि वर 5 सेंटीमीटर धरा. वरचे 5 सेंटीमीटर सोडले तर काय होते ते पाहा. विहिरीपासून 1000 फुटांवर पाणी न्यायचे आहे. 6 मीटरच्या पाइपाला आपण 20 फुटी म्हणतो आणि 50 पाइप आणतो. ते झाले 300 मीटर, म्हणजे 984 फूट. 16 फूट कमी! किमान 51 लागतात, सांध्यात जाते ते वेगळेच.

पेरणीत मात्र जुने माप कामाला येते. ज्वारीच्या दोन ओळींत 45 सेंटीमीटर ठेवा, असे पुस्तिका सांगते. घाबरायचे कारण नाही, तो आपला एक हातच आहे. 90 सेंटीमीटर म्हणजे गज, 60 म्हणजे दोन फूट. कपाशी 3 बाय 3 फुटांवर टोकली तर एका झाडाला 9 चौरस फूट जागा लागते. एकराचे 43,560 चौरस फूट. 9 ने भागा, 4,840 झाडे येतात. 3 बाय 2 केले तर 7,260. बियाणे घेण्याआधी एवढा भागाकार केला की किती लागेल ते आपल्यालाच कळते.

सर्वांत मोठी गफलत क्षेत्रात होते. लांबीत 3 फुटांचा एक गज होतो, पण चौरस गजात 9 चौरस फूट असतात. लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट झाल्या की जमीन चौपट होते. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. 33 गुणिले 33, म्हणजे 1,089 चौरस फूट, हा झाला गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, म्हणून लोक एकच धरतात. पण एकराचे 40 नव्हे, 40.47 आर होतात. पाच एकर म्हणजे 2 हेक्टर 2 आर 34 चौरस मीटर. वाटणीपत्रात कोणी सरळ 2 हेक्टर लिहिले, तर सव्वादोन गुंठ्यांहून जास्त जमीन कागदावरून गेली. भावाभावांत कोर्ट लागायला तेवढे पुरते.

तेव्हा तीन गोष्टी करू. आकड्यापुढे माप लिहिल्याशिवाय कागद घ्यायचा नाही. सही करण्याआधी दोन्ही मापांत हिशोब मांडायचा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना व शाळेत जाणाऱ्या पोरींना, पोरांना एकत्र बसवायचे. एकाला हात-गुंठा माहीत, दुसऱ्याला मीटर. दोघे मिळून घराच्या भिंतीवर कोष्टक लिहितील. पाचवीचे गणित आहे, पण जमीन आपली आहे आणि पैसाही आपला आहे.