शिखर गांठल्यानंतर

सकाळच्या प्रहरीं अंगणांत रांगोळी काढणाऱ्या गृहिणीकडे क्षणभर पाहावें. चिमूट किती दाबावी, रेघ कोठें वळवावी, याचा विचार ती करीत नाहीं. तिची नजर पुढच्या ठिपक्यावर असते आणि बोटें आपलें काम बिनबोभाट करीत असतात. पण कोणी तिला सांगितलें कीं, आतां प्रत्येक बोटाकडे लक्ष ठेवून हीच रांगोळी काढ, तर हात अडखळतो आणि रेघ कोठें जाड, कोठें बारीक होऊं लागते. अंगवळणीं पडलेली विद्या अशी लाजाळू असते. तिच्याकडे टक लावून पाहिलें कीं ती मिटते.

गोल्फ या खेळाच्या इतिहासांत या लाजाळूपणाचीं उदाहरणें जितकीं ठळक आहेत, तितकीं दुसऱ्या खेळांत क्वचितच सांपडतील. जगांतील अव्वल म्हणून गौरविले गेलेले खेळाडू दोन-चार वर्षांतच साधा टोलाहि मारतांना चांचरूं लागले, असें तेथें एकदां नव्हे, अनेकदां घडलें आहे.

याचें एक कारण त्या खेळाच्या रचनेंतच आहे. गोल्फमध्यें प्रतिस्पर्धी अडवावयास येत नाहीं. अठरा खळ्या, प्रत्येक खळी सव्वाचार इंच रुंद, आणि कमींत कमी टोल्यांत चेंडू त्यांत घालणें एवढाच खेळ. क्रिकेटमध्यें चेंडू अंगावर येतो, तेव्हां फलंदाजाला विचार करण्यास सवडच नसते. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निश्चल पडलेला असतो. एका फेरीला चार-चार तास लागतात. त्यांत काठी चेंडूला लागते ते क्षण अगदीं थोडे, आणि उरलेला सारा वेळ मनाला मोकळा. मोठ्या स्पर्धांत अशा चार फेऱ्या चार दिवस खेळाव्या लागतात. शंकेला शिरावयास याहून मोठें दार कोणतें हवें?

इयान बेकर-फिंच या ऑस्ट्रेलियन खेळाडूची हकीकत या दृष्टीनें मन हेलावून टाकणारी आहे. १९९१ सालीं इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथें त्यानें ब्रिटिश ओपन ही या खेळांतील सर्वांत जुनी मानाची स्पर्धा जिंकली. अखेरच्या दिवशीं पहिल्या नऊ खळ्या त्यानें अवघ्या २९ टोल्यांत संपविल्या. त्या वेळीं तो तीस वर्षांचा होता. त्याचा खेळ अचूक होता, परंतु त्याचे टोले फार लांब जात नसत. विजयानंतर त्याला वाटूं लागलें कीं, जगज्जेत्याला शोभेल असा लांब टोला आपल्याला मारतां आला पाहिजे. त्यानें आपली पद्धत बदलण्यास आरंभ केला. एकाचा सल्ला घेतला, मग दुसऱ्याचा घेतला. हळूहळू जुनें हातचें निसटलें आणि नवें हातीं आलें नाहीं.

१९९५ सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें तो पहिला टोला मारावयास उभा राहिला. त्या मैदानाची पहिली आणि अठरावी वाट एकमेकींस लागून आहेत. दोहोंचें मिळून इतकें ऐसपैस पटांगण होतें कीं, तेथें चुकणें नवशिक्यासहि सोपें नाहीं. बेकर-फिंचचा चेंडू तें सारें पटांगण ओलांडून डाव्या कुंपणापलीकडे गेला. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यांत तो २९ स्पर्धा खेळला आणि एकींतहि अखेरच्या दिवसापर्यंत टिकला नाहीं. १९९७ सालीं ट्रून येथील ब्रिटिश ओपनमध्यें त्याला पहिल्या फेरीसच ९२ टोले लागले. जेथें ७१ टोले अपेक्षित असतात, तेथें हे ९२! तो खेळाडूंच्या खोलींत गेला, तेथें त्याला रडूं आवरलें नाहीं, आणि त्यानें स्पर्धेंतून अंग काढून घेतलें.

यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, सरावाच्या वेळीं त्याचे टोले निर्दोष असत. विद्या नष्ट झाली नव्हती. चार माणसांच्या देखत तिला हांक मारली कीं ती ओ देत नव्हती, एवढेंच.

असाच प्रकार त्याच्या आधीं अर्धशतक अमेरिकेंत घडला होता. टेक्सासचा राल्फ गुलडाल हा १९३३ च्या अमेरिकन ओपनमध्यें शेवटच्या खळीवर एक लहानसा टोला चुकला आणि त्याची बरोबरीची संधि गेली. पुढें कांहीं काळ खेळ सोडून त्यानें मोटारी विकण्याचा उद्योग केला. परंतु तो परतला आणि १९३७ व १९३८ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें तीच अमेरिकन ओपन जिंकून दाखविली. १९३९ सालीं ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेंत त्यानें सॅम स्नीडसारख्या खेळाडूस एका टोल्यानें मागें टाकलें. पराभव पचवून उभा राहिलेला हा गडी विजयानंतर मात्र कोसळला. १९४० नंतर त्याला एकहि मोठी स्पर्धा जिंकतां आली नाहीं.

या ऱ्हासाविषयीं एक गोष्ट गोल्फच्या जगांत नेहमीं सांगितली जाते. गुलडालला खेळ शिकविणारें पुस्तक लिहावयास सांगण्यांत आलें. तोंवर आपण टोला कसा मारतों याचा त्यानें कधीं विचारच केला नव्हता. आतां तो आरशासमोर उभा राहून स्वतःचे हात, खांदे, कंबर न्याहाळूं लागला. पुस्तक झालें, पण टोला गेला. त्याच्या चांगल्या आणि वाईट दिवसांतील चलच्चित्रें ताडून पाहतां दोहोंत फरक दिसला नाहीं, असेंहि सांगतात. अर्थात् सारा दोष पुस्तकाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. गांवोगांवच्या भटकंतीला तो विटला होता, असेंहि एक मत आहे, आणि तेंहि विचारांत घेण्यासारखें आहे.

तिसरें उदाहरण डेव्हिड डुव्हाल या अमेरिकन खेळाडूचें. १९९७ च्या उत्तरार्धापासून १९९९ च्या वसंतापर्यंत खेळलेल्या ३४ स्पर्धांपैकीं ११ त्यानें जिंकल्या. १९९९ च्या जानेवारींत एका स्पर्धेची अखेरची फेरी त्यानें ५९ टोल्यांत पुरी केली आणि मार्च महिन्यांत तो जागतिक क्रमवारींत पहिला झाला. २००१ सालीं त्यानें ब्रिटिश ओपनहि जिंकली. ज्या क्षणासाठीं जन्मभर कष्ट केले तो क्षण हातीं आल्यावर मनांत पोकळी जाणवली, अशा आशयाचे उद्गार त्यानें पुढें काढले. पाठीचें व मनगटाचें दुखणें होतेंच. अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यांत त्याला पुन्हां एकहि विजय मिळाला नाहीं. मात्र २००९ च्या अमेरिकन ओपनमध्यें, क्रमवारींत ८८२ वा असतांना, तो अवघ्या दोन टोल्यांनीं मागें राहून दुसऱ्या क्रमांकाचा वांटेकरी झाला. विझलेल्या वाटणाऱ्या राखेंतहि निखारा असतो तो असा.

हें सारें मनाचेंच दौर्बल्य असें मात्र कोणी समजूं नये. खळीजवळचा हलका टोला मारतांना हाताला अचानक हिसका बसण्याचा जो विकार आहे, त्याला इंग्रजींत ‘यिप्स’ म्हणतात. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं या विकाराचा अभ्यास केला. त्यांना असें आढळलें कीं, कांहीं खेळाडूंत तो चिंतेमुळें होतो, तर कांहींत मज्जासंस्थेचा बिघाडच त्याच्या मुळाशीं असतो. हजारों वेळां केलेली तीच बारीक हालचाल अखेर स्नायूंनाच गोंधळांत टाकते. अतिलेखनानें कारकुनाच्या बोटांना जसा पेटका येतो, तसाच हा प्रकार. सहा वेळां ब्रिटिश ओपन जिंकणारा हॅरी व्हार्डन यालाहि १९०३ मधील क्षयाच्या आजारानंतर असाच हिसका बसूं लागला. तरीहि १९११ आणि १९१४ सालीं त्यानें ती स्पर्धा पुन्हां जिंकली.

जर्मनीचा बर्नहार्ड लांगर याचें चरित्र तर औषधासारखें आहे. १९८६ सालीं जागतिक क्रमवारी सुरू झाली, तेव्हां पहिलें स्थान त्याचें होतें. हा हिसका त्याला एकदां नव्हे, अनेकदां जडला. त्यानें रुसलेल्या हाताशीं भांडण केलें नाहीं. काठी धरण्याची रीतच बदलली. उजव्या हातानें डावा बाहू काठीसकट घट्ट धरावयाचा, ही त्याची तऱ्हा पाहून लोक हंसले असतील. पण १९९३ सालीं मास्टर्स स्पर्धा त्यानें दुसऱ्यांदां जिंकली, ती याच तऱ्हेनें.

या चरित्रांत एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. लांगरनें बदल केला तो मोडलें तें सांधण्यासाठीं. बेकर-फिंचनें केला तो न मोडलेलें अधिक सुंदर करण्यासाठीं. शिखरावर पोंचलेल्या माणसाला खरा धोका प्रतिस्पर्ध्यापासून नसतो. ज्या गुणानें आपण येथवर आलों तो आतां पुरेसा नाहीं, हा संशय त्याला खालीं ओढतो. शिवाय शिखर हें कांहीं अंशीं दैवाचेंहि देणें असतें. गुण आणि योग यांचा मेळ एका आठवड्यापुरता जुळतो, आणि तोच आपला नित्याचा मापदंड असें मानलें कीं पुढचा प्रत्येक साधा दिवस पराभवासारखा वाटूं लागतो.

आणि पराभवानंतर काय? गुलडालनें कॅलिफोर्नियांतील एका क्लबांत पुढें वर्षानुवर्षें इतरांना खेळ शिकविला. बेकर-फिंच दूरचित्रवाणीवर गोल्फचें समालोचन करूं लागला आणि इतर खेळाडूंच्या अडचणीविषयीं समजुतीनें बोलणारा म्हणून लोकांना प्रिय झाला. हातांतील कसब गेलें म्हणून माणूस संपला असें झालें नाहीं. ब्रिटिश ओपनच्या विजेत्याला जो रुपेरी चंबू मिळतो, त्यावर १९९१ या वर्षापुढें बेकर-फिंचचें नांव कोरलेलें आहे. ट्रूनचे ते ९२ टोले त्यावर कोठेंहि कोरलेले नाहींत.