पाखरांची नावं कोण लिहून ठेवणार?



उन्हाळ्यात कांदा काढायला वाफ्यात उतरलो आणि टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली, की आपण काय म्हणतो? "इथं कुठंतरी अंडी हायेत, पाय जपून टाका गं." टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या रानात खड्यांच्या मधे अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. पक्ष्यांच्या पुस्तकांतही हे लिहिलेलं आहे, पण आपल्याला ते रानातच कळलं.

आज मी पक्ष्यांवर लिहिणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. त्याआधी घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. बाजरी निसवली की गोफण घेऊन त्या बांधावर उभ्या असायच्या. पण एका छोट्या पाखराला कधी हाकलायच्या नाहीत. "ते दाण्याला नाही, अळ्या वेचायला येतं," म्हणायच्या. त्याचं एक नावही होतं त्यांच्या तोंडी. सासूबाई गेल्या. पाखरू अजून येतं, नाव मात्र मला आठवत नाही. नणंदेला विचारलं, जावेला विचारलं, कुणालाच सांगता येईना. पुस्तकात त्याचं चित्र सापडलं, खाली नावही होतं. पण ते सासूबाईंचं नाव नव्हतं.

अशी नावं हरवू नयेत म्हणून एका माणसानं जन्मभर कष्ट घेतले. मारुती चितमपल्ली, जन्म 1932, गाव सोलापूर. वनखात्यात नोकरी करताना जंगलात राहणाऱ्या माणसांकडून ते पाखरांची, झाडांची नावं विचारून घेत आणि टिपून ठेवत. त्यातूनच पुढे त्यांचा 'पक्षिकोश' झाला. 2006 साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

लिहून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी आपण सगळ्यांनी पाहिलीत. नाव बाईचं, म्हणून घरटं मादीच विणते असं आपण धरून चालतो. 1930 साली डॉ. सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते, सोबत पत्नी तहमिना होत्या. तिथं त्यांनी दिवसच्या दिवस ही घरटी पाहिली आणि टिपणं ठेवली. तेव्हा कळलं, की घरटं नर विणतो. मादी येऊन पारखते आणि पसंत पडलं तरच राहते. मग नर दुसरं घरटं विणायला घेतो! म्हणजे आपल्याला माहीत असलेलं सगळंच बरोबर असतं असं नाही. तारीखवार लिहिलं, की खरं-खोटं कळतं. टिटवी ओरडली की वाईट होतं म्हणतात, तेही असंच एकदा लिहून पडताळून बघा.

"आमचं शिक्षण कुठं एवढं?" असं कुणी म्हणेल. तर जमाल आरा यांचं ऐका. शिक्षण दहावीपर्यंत. आजच्या झारखंडातल्या जंगलांत फिरून त्यांनी पक्ष्यांची टिपणं ठेवली. ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. पुढे 1970 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं मुलांसाठीचं पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक काढलं.

आपल्या राहुरीत मुळा धरणाचं पाणी आलं, ऊस आला, माळरानं कमी झाली. माळढोकासाठी 1979 साली सोलापूर आणि आपला नगर जिल्हा मिळून अभयारण्य झालं, तरी आज माळढोक दिसणं दुर्मीळच. तो इथं होता, कसा राहायचा, हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. बांधावरच्या साध्या पाखरांचं कोण लिहिणार? रोज रानात आपणच असतो.

तेव्हा एक काम करा. मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या. तारीख लिहा, रान कुठलं ते लिहा. पाखरू काय करत होतं, काय खात होतं ते लिहा. आणि घरातली म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. भारद्वाजाला कुणी कुंभार कावळा म्हणत असेल तर तसंच लिहा, पुस्तकातलं नाव शोधत बसू नका. लिहिता येत नसेल तर सांगा, नात लिहून घेईल.

हे आजच संध्याकाळी करा. मी सासूबाईंना उद्या विचारू, उद्या विचारू म्हणत राहिले.