किल्लारीहून भूजकडे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. झोपलेली माणसं त्याखाली गेली.

पुढे लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी घरं भक्कम करायचं काम निघालं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेबरोबर गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर मजबूत कसं करायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे शिकून त्या घरोघरी सांगू लागल्या. या शिकण्यातून धाडस आलं. चारचौघांत न बोलणाऱ्या बायका अधिकाऱ्यांना प्रश्न विचारू लागल्या.

मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. २००१ मध्ये भूज हादरलं, तेव्हा त्यांतल्या काही जणी गुजरातेत गेल्या आणि आपण पुन्हा घरं कशी उभारली, ते तिथल्या बायकांना सांगत राहिल्या.